रशियन भूतकाळातला 'ल'

रशियन भूतकाळ पाठ करण्याआधी त्याचं मूळ समजून घ्या. 'चिताल' म्हणजे त्याने वाचलं, 'चिताला' म्हणजे तिने. कर्त्याप्रमाणे लिंग बदलतं, पण मी-तू-तो यांना वेगळी रूपं नाहीत. कारण हे मुळात कृदंत, म्हणजे क्रियापदापासून बनलेलं विशेषणासारखं रूप आहे. जुन्या स्लाव्हिकमध्ये, म्हणजे रशियन-पोलिशच्या पूर्वज भाषेत, त्याच्यासोबत 'असणे'चं वर्तमानकाळी रूप यायचं, 'मी आलेलो आहे' या धर्तीवर. रशियनने ते सहायक क्रियापद गाळलं. पोलिशने मात्र ते शेवटी चिकटवून जपलं: 'मी वाचलं' हे पुरुष म्हणतो 'चितावेम', स्त्री 'चितावाम' (इथला 'व' म्हणजे तोच 'ल', उच्चार बदललेला). किती सुंदर आहे हे! बल्गेरियनही जरूर चाळा, तिथे हीच रूपं ऐकीव गोष्ट सांगायला वापरतात. आपल्या 'गेला-गेली'शी मात्र नातं जोडू नका. मराठी 'ल' प्राकृतातल्या 'इल्ल' प्रत्ययातून आला असं मानतात.