स्प्रिंग कापून गाडी खाली आणावी का?

प्रश्न : माझ्या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिलिमीटर आहे. गाडी ४० मिलिमीटर खाली आणायची आहे. मूळ स्प्रिंगचा एक वेढा कापून देतो, असे मेकॅनिक म्हणतात. कापावा का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : कृपा करून कापू नका. कापलेल्या स्प्रिंगचे टोक तिच्या बैठकीत नीट बसत नाही, आणि चाक खड्ड्यात लोंबकळले की ती जागेवरून सरकू शकते. गाडी खाली आणायचीच असेल, तर त्याच मॉडेलसाठी बनवलेल्या आखूड व अधिक कडक स्प्रिंग जुळणाऱ्या शॉकअब्सॉर्बरसह बसवाव्यात. मूळ शॉकअब्सॉर्बर तसेच ठेवले, तर त्यांचा दांडा सतत आत दबलेला राहून बंप स्टॉपवर (दांड्याची हालचाल अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर) वारंवार आदळतो. त्यानंतर व्हील अलाइनमेंट करावेच लागते, कारण उंची बदलताच टो (वरून पाहता चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) आणि कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा आत किंवा बाहेर असलेला कल) दोन्ही बदलतात. टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवल्यावर करवतीसारखे दाते लागले, तर अलाइनमेंट बिघडल्याची ती खूण समजावी.

मात्र ४० मिलिमीटर मला फार वाटतात : नियमाप्रमाणे बांधलेला गतिरोधकही १०० मिलिमीटर उंच असतो, आणि चार माणसे बसली की गाडी आणखी दबते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून आधी आरटीओकडे लेखी विचारणा करावी.