खजिन्याच्या वाटेवरची रुतती वाळू

प्रश्न : जंगलातल्या खजिन्यावरच्या विनोदी चित्रपटांत एखादा रुतत्या वाळूत टोपीसकट गडप होतो. खरंच असं होतं का?

उत्तर : नाही. माणसाची घनता साधारण पाण्याइतकी, या वाळूची सुमारे दुप्पट. म्हणून तो कमरेपाशी थांबतो. खरी भीती समुद्रकिनारी अडकल्यावर येणाऱ्या भरतीची. पडद्यावर दोरीने हिसके देतात, ते मुळीच करू नका! खाली वाळू इतकी घट्ट बसते, की सेकंदाला १ सेंटिमीटर वेगाने पाय उपसायलाही मोटार उचलण्याइतकं बळ लागतं. मागे रेला, पाय हळूहळू हलवा. फटीत पाणी शिरून वाळू सैल होते. चित्रीकरणात पाण्याच्या हौदावर भुसा किंवा बुचाचा चुरा पसरतात, कलाकार नुसते गुडघे वाकवत खाली जातो.