बथुव्यावरची पांढरी भुकटी

प्रश्न : मी इंदूरला रामबागेत राहते. थंडीत दारावरच्या ठेल्यावरून बथुआ घेते. माझी सून पुण्याची, ती त्याला चाकवत म्हणते. पानांना खालून पांढरी भुकटी असते. सून म्हणते ही फवारलेली दवाई आहे, टाकून द्या. मी जुडी अर्धा तास मिठाच्या पाण्यात ठेवते, तरी कोवळ्या पानांवरची भुकटी जात नाही. भाजी खावी की नाही?

उत्तर : भुकटीपुरत्या सासूबाई जिंकल्या! ती दवाई नव्हे, बथुव्याची स्वतःचीच आहे. घरात नातवाचं भिंग असेल तर कोवळं पान उलटं करून बघा. पाण्याने भरलेले बारीक फुगे दिसतील, एकमेकांना खेटून बसलेले. बोट फिरवलं की बोटाला पांढरं लागतं. शेंड्याकडे ते दाट असतात, पान जून झालं की विरळ होतात. मिठाने ते जात नाहीत, जायची गरजही नाही.

पण सूनबाईंची भीती अगदीच उगीच नाही. ठेल्यावरचा बथुआ पुष्कळदा गव्हातलं तण म्हणून उपटलेला असतो. गहू साधारण महिन्याचा झाला की रुंद पानांचं तण मारायला शेतकरी २,४-डी फवारतात. गहू त्या औषधाची आतल्या आत मोडतोड करून टाकतो, बथुव्याला ते तेवढं जमत नाही. पानावर पडलेलं औषध मेणाच्या पातळ थरातून आत शिरतं आणि पानाने केलेल्या साखरेबरोबर शेंड्याकडे, मुळांकडे जातं. तिथे ते वाढीच्या संप्रेरकाचं सोंग घेतं. मग वाढ वेडीवाकडी होते, शेंडा मान टाकतो, देठाला पीळ पडतो, पानं दुमडतात. झाड मरायला दिवस लागतात, आणि तेवढ्या दिवसांत ते उपटून जुडीत बांधलं जाऊ शकतं.

परवा मीच आणलेली जुडी उघडून पाहिली तर चार काड्या ओला पंचा पिळावा तशा. ठेलेवाल्याला दाखवल्या. तो म्हणाला, ‘माताजी, ठंड से मुड़ गया है।’ थंडीने पान मलूल होतं, करपतं. देठाला असा पीळ पडत नाही. जुडी परत केली.

अशा आत गेलेल्या औषधाला मिठाचं पाणी काय करणार? धुण्याने वरचंच जातं. २०१७ साली अमेरिकेत सफरचंदांवर खाण्याच्या सोड्याचा प्रयोग झाला. लिटरला १० ग्रॅम सोडा, १२ ते १५ मिनिटं. सालीवरचं औषध निघालं, सालीत मुरलेलं तसंच राहिलं. पालकावरची मावा कीड मारायला वापरतात त्या इमिडाक्लोप्रिडचंही हेच. ते आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत फिरणारं, मुळांनी ओढलं तर पाण्याबरोबर पानांत चढतं. पान त्याचीही हळूहळू मोडतोड करतं, पण त्याला दिवस द्यावे लागतात. म्हणून फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस गेले, हेच खरं महत्त्वाचं.

तुम्ही वाहत्या पाण्याखाली पानं चोळून धुवा, माती तरी जाईल. मिठाचा अर्धा तास वाचवा, त्यात क जीवनसत्त्व मात्र पाण्यात उतरतं. पिळवटलेल्या काड्या दिसल्या तर अख्खी जुडी नको, कारण शेजारची सरळ काडीही त्याच शेतातली. आणि घेण्याआधी विचारा, ‘गेहूँ का है या क्यारी का?’ ठेलेवाला घुटमळला तर त्या दिवशी मुळा घ्या. मेथीचं रडगाणं वेगळं आहे, ते पुढच्या अंकात.