लेप्टिनपुढे 'हाय' छापून आलंय? घाबरून जेवण तोडू नका

ताई, तुम्ही लिहिलंय की तुमचं आणि यजमानांचं वजन सारखंच, ६८ किलो. रक्तातलं लेप्टिन, म्हणजे अंगात चरबी किती साठलीय ते मेंदूला कळवणारं हार्मोन, त्यांचं ७, तुमचं २२, आणि 'हाय' (मर्यादेपेक्षा जास्त) फक्त तुमच्या आकड्यापुढे. वाचून माझ्या पोटात गोळा आला. सहा वर्षांपूर्वी फोंड्यात असाच रिपोर्ट माझ्या हातात होता.

मी डॉक्टर नाही, भोगलं आणि वाचलं ते सांगते. लेप्टिन मुख्यतः चरबीच्या पेशींतून येतं, आणि तेवढ्याच वजनाच्या बाईच्या अंगात पुरुषापेक्षा चरबी जास्त असते. पण चरबी सारखी धरली तरी बाईचं लेप्टिन बऱ्याचदा दुप्पट-तिप्पट भरतं. आपली चरबी जास्त करून मांड्या-नितंबांवर, कातडीखाली साठते. ती पोटाच्या आतल्या चरबीपेक्षा जास्त लेप्टिन सोडते. पुरुषांत टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन लेप्टिन खाली ठेवतं. तेव्हा नवऱ्याच्या आकड्याशी स्वतःचा आकडा ताडायचाच नाही.

माझ्या लॅबने बायका-पुरुषांना एकच मर्यादा छापली होती. दोन फेऱ्या मारून विचारलं, तर खिडकीवरचा माणूस म्हणाला, "मशीनमधून असंच येतं." बायकांची मर्यादा वेगळी छापायला एक ओळ लागली असती. तो राग अजून गेलेला नाही.

त्या 'हाय'ला भिऊन मी भाताची पेज बंद केली, शीत-कडी (भात-कालवण) बंद केली. दिवसाला एक चपाती आणि काकडी. तीन आठवड्यांनी लेप्टिन निम्म्याहून खाली! मी मंगेशीला जाऊन नारळ ठेवून आले. वजन मात्र जेमतेम दोन किलो उतरलेलं. तिथेच कळायला हवं होतं. उपाशी राहिलं की चरबी घटण्याच्या कितीतरी आधी लेप्टिन कोसळतं, आणि मेंदू समजतो दुष्काळ पडला. भूक खवळली, केस गेले, पाळी चार महिने आली नाही. आकडा उतरला म्हणजे मी बरी झाले, असं मानणं ही माझी सगळ्यात महाग चूक.

माझं स्पष्ट मत, पटलं तर घ्या: वजन कमी करायला ही तपासणी पुन्हा पुन्हा करू नका. डॉक्टरांनी सांगितलीच तर दर वेळी सकाळी उपाशीपोटी, एकाच लॅबमध्ये. रात्री लेप्टिन चढतं. त्यापेक्षा कंबर मोजा. आपल्याकडे बायकांना ८० आणि पुरुषांना ९० सेंटीमीटरच्या पुढे गेली की साखर आणि कोलेस्टेरॉल बघावं. यजमानांनाही टेप लावा. ७ आकड्याने सुटलेलं पोट लपत नाही.

तुमची पाळी नियमित आहे का, ते लिहा. आणि माझ्यासारखं जेवण तोडलं असेल, तर उद्या अकराची पेज चुकवू नका.