वाचकांचे प्रश्न, गॅरेजवाल्याची उत्तरं : सड्यावरच्या वाटेला छोटी फोर बाय फोर

प्रश्न : आमची हापूसची बाग सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर आहे. डांबरी रस्ता संपला की पुढे कच्ची पाणंद, दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे (कुंपणाच्या भिंती), मध्ये एक व्हाळ, म्हणजे ओढा. मी बँकेतून निवृत्त झालोय आणि मारुती सुझुकीची जिम्नी, ती चारही चाकांनी ओढणारी (फोर बाय फोर) छोटी गाडी, घ्यायचं मनात आहे. पुण्याचा मुलगा म्हणतो, तेवढ्याच पैशांत मोठी गाडी येते. हिचं म्हणणं, या वयात हा पोरखेळ. तुम्हाला काय वाटतं?
– एक बागायतदार, देवगड तालुका

उत्तर : शोरूममध्ये जाण्याआधी टेप घेऊन पाणंदीत जा आणि गडगे जिथे सर्वांत जवळ येतात तिथलं अंतर मोजा. जिम्नीची रुंदी १६४५ मिलिमीटर, महिंद्राच्या थारची १८२०, आणि दोन्हींचे आरसे त्याबाहेर. फरक वीतभरही नाही, पण आपल्या पाणंदी बैलगाडीच्या मापाने सोडलेल्या. तिथे मोठी गाडी अडते ती चिखलाच्या आधी गडग्याला. आणि गडगा हातभर मागे घ्यायचा म्हटलं की भाऊबंदकी जागी होते, ती कुठल्याच गिअरमध्ये निघत नाही.

दुसरी गोष्ट वजनाची. जिम्नी साधारण बाराशे किलोची. वर सड्यावर कातळच असतो, तिथे कुठलीही गाडी उभी राहील. खरी परीक्षा व्हाळाकडे उतरताना, जून-जुलैत तांबडी माती लोण्यासारखी होते तेव्हा. हलकी गाडी कमी रुतते, आणि रुतलीच तर चार गडी ढकलून काढतात. जड गाडीला जेसीबी बोलवावा लागतो आणि त्यालाही पाणंद पुरत नाही.

मुलाला विचारा, त्याच्या मनातल्या मोठ्या गाडीला पुढची चाकं ओढणारा वेगळा लिव्हर आणि लो रेंज (कमी वेग, जास्त जोर देणारा जादा गिअर) आहे का? बऱ्याच एसयूव्ही दिसायला दांडग्या, पण ओढतात फक्त पुढच्या दोन चाकांवर. जिम्नीत टू-एच (दोन चाकं, नेहमीचा वेग), फोर-एच (चार चाकं, नेहमीचा वेग), फोर-एल (चार चाकं, लो रेंज) असा साधा लिव्हर आहे. फोर-एलला टाकली की चाकं जवळजवळ निम्म्या वेगाने फिरतात आणि जोर त्याच हिशेबाने वाढतो. उतारावर ब्रेकवर उभं राहायला नको, पहिल्या गिअरात गाडी स्वतःच सावकाश उतरते. पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकं एकाच दांड्यावर) असल्यामुळे एक चाक दगडावर चढलं की दुसरं खाली दाबलं जातं. तरीही तिरक्या खड्ड्यात एखादं चाक हवेत फिरू लागलंच, तर गाडी त्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसऱ्या बाजूला पाठवते. त्या वेळी टकटक आवाज येतो. घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडू नका.

एक मात्र पाळा : कोरड्या डांबरावर फोर-एच लावायचा नाही. पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल यांच्या मधे डिफरन्शियल (वेगातला फरक सांभाळणारा गिअर) नसतं, वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात, आणि तो ताण गिअर-शाफ्टवर बसतो. माती, वाळू, शेवाळलेला कातळ अशा निसरड्या जागी चाकं थोडी घसरून तो ताण सोडवतात.

गाडी लहान का, याचं कारण गमतीचं आहे. १९७० साली पहिली जिम्नी निघाली ती जपानच्या छोट्या गाड्यांच्या नियमात बसवून : ३५९ सीसी इंजिन, लांबी तीन मीटरच्या आत. त्यांच्या कायद्याने घातलेलं कुंपण आमच्या पाणंदीच्या उपयोगी पडलं. आपल्याकडची पाच दारांची जिम्नी २०२३ ची, लांबी ३९८५ मिलिमीटर, इंजिन दीड लिटर पेट्रोल. डिझेल नाही, हे आधीच सांगतो.

आता वहिनींची बाजू. मुंबई-गोवा रस्त्यावर ही गाडी मोठीइतकी निवांत नाही, मागे बसणारा हिंदकळतो. माणसं चारच. सीट उभ्या असताना डिकी २०८ लिटरची, म्हणजे आंब्याच्या पेट्या वाशीला टेम्पोनेच जाणार. गाडी खत, पंप, गडी आणि तुम्हाला बागेपर्यंत नेणार, एवढंच. रोज बागेत जात असाल तर घ्या. आठवड्याला एकदा जात असाल तर गावातल्या कुणाची गाडी भाड्याने सांगा, पैसे वाचतील. आमच्याकडे काम करणारा मुलगा या गाडीबद्दल म्हणतो, ‘ल्हान आसा, पण मेली खंयय चढता.’ तो स्वतः मोटारसायकलवर फिरतो, हेही लक्षात घ्या.

प्रश्न : फोर बाय फोर घेतली तर पुळणीवर चालवता येईल ना? मित्र रील टाकतात.
– एक वाचक, गुहागर

उत्तर : गाडीला येईल, तुम्ही नेऊ नका. किनाऱ्यावर गाडी घातली म्हणून पोलिसांनी कारवाई केल्याच्या बातम्या तुम्हीही वाचता. आणि गुहागर, वेळास, आंजर्ले या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. चाकाखाली वाळू दबली की पिल्लांना वर येणं अवघड. भरती कोणासाठी थांबत नाही, ते वेगळंच. बुडालेल्या गाडीची वायरिंग मी धुऊन पाहिली आहे. दिवे लागतात, मग पंधरा दिवसांनी एकेक करून जातात.

प्रश्न : नवी परवडत नाही. मारुतीची जुनी जिप्सी (जीपसारखी फोर बाय फोर) घ्यावी का? काय बघू?
– सावंतवाडीचा एक विद्यार्थी

उत्तर : जिप्सी आपल्याकडे १९८५ साली आली, ९७० सीसीची, १.३ लिटरची जिप्सी किंग १९९६ मध्ये. मी ज्या गाड्यांवर हात बसवला त्यांत ही सगळ्यांत सोपी. खाली झोपलं की कुठला रॉड कुठे जातो ते दिसतं. इंजिनाची काळजी नंतर करा, आधी चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा बघा. समुद्राकाठी राहिलेली गाडी वरून नवीन रंगाने चकाकते आणि आतून खारी हवा तिला खाते. छोटी हातोडी घेऊन पाटे-अ‍ॅक्सल जिथे चासीला धरतात तिथे आणि बॉडी माउंटजवळ (बॉडी चासीला बसवलेली असते तिथे) ठोका. खणखणीत आवाज हवा. बद आला किंवा पापुद्रा निघाला, तर भाव करू नका, परत या. फोर व्हील ड्राइव्हचा लिव्हर विक्रेत्यासमोर मातीवर टाकून पाहा, वर्षानुवर्षं न वापरल्याने तो गंजून बसतो. १५ वर्षं उलटलेली असेल तर नोंदणीचं नूतनीकरण झालंय का, कागदात पाहा. घेतलीत तर पावसाळा संपताच खालून गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, अँटी-रस्टचा थर मारून घ्या. ओल्यावर मारलात तर गंज आतच कोंडला जातो.