जादा चिठ्ठ्यांचा हिशोब

प्रिय मुली,

तुझी कथा दोनदा वाचली. इसवी सन २१५०, गस्त घालणारे ड्रोन, काचेचे मनोरे, मुखवट्यातले सैनिक. सगळं आहे, पण तुझ्या नायिकेच्या घरी रात्री चूल कशावर पेटते, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

असली भयाण जगं आम्हालाच का आवडतात, असं तू विचारलंस. माझ्या वयाचे लोक म्हणतात, पोरांना काळोखाची हौस. मला नाही पटत. काळोखच हवा असता तर भुताच्या गोष्टी काय कमी आहेत?

तुझी लाडकी ‘द हंगर गेम्स’ (२००८) पुन्हा उघड. रिंगण आणि धनुष्यबाण बाजूला ठेव, सुरुवातीचा चिठ्ठ्यांचा हिशोब बघ. ज्याची चिठ्ठी निघेल, त्या मुलाला रिंगणात जिवावरच्या झुंजीत उतरावं लागतं. बाराव्या वर्षी प्रत्येकाच्या नावाची एक चिठ्ठी, पुढे दर वर्षी एक वाढते. म्हणजे सोळाव्या वर्षी पाच, सगळ्यांना सारख्या. मात्र घरात खायला नसेल तर एक जादा चिठ्ठी टाकायची आणि एका माणसापुरतं वर्षाचं जेमतेम धान्य-तेल न्यायचं. नायिका कॅटनिसच्या घरी तोंडं तीन. पाच वर्षांत पंधरा जादा चिठ्ठ्या, एकूण वीस. जबरदस्ती कुणी केली नाही हं, तिनं आपल्या हातानं टाकल्या!

हे तुमच्या वयाला चटकन कळतं. दहावीचा पेपर सगळ्यांना एकच असतो, पण कोण क्लासहून येतं आणि कोण दुकानाचं शटर ओढून येतं, ते तुम्ही एकाच बाकावर बसून बघता. घरी विषय काढला की ‘जग असंच असतं’ म्हणून बोळवण होते. ही पुस्तकं तोच न लिहिलेला नियम कलमासारखा छापून समोर ठेवतात. (प्रेमाचे त्रिकोण मी भराभर उलटतो, हे आपल्यातच ठेव.)

लोइस लाउरी यांच्या ‘द गिव्हर’मध्ये (१९९३) बारा वर्षांच्या जोनासला नव्या कामाच्या नियमांचा कागद मिळतो. शेवटचा नियम असा की, तुला खोटं बोलायची मुभा आहे. मग त्याच्या मनात येतं, हीच ओळ सगळ्या मोठ्यांच्या कागदावर असेल तर? रक्ताचा थेंब नाही, तरी मी पुस्तक मिटून जरा वेळ नुसता बसलो होतो.

असली पुस्तकं निराश करतात असं म्हणशील, तर २०१४ साली थायलंडमध्ये लष्करानं सत्ता बळकावली तेव्हा कॅटनिसच्या गोष्टीतली तीन बोटं उंचावून माणसं रस्त्यावर उभी राहिली. त्यापायी काहींची धरपकडही झाली.

तेव्हा ड्रोन काढून टाक. ऐकताना रास्त वाटेल असा एकच नियम शोध, आणि नायिकेची आई तो पाळते की पळवाट काढते, ते लिही. नवा खर्डा हातानं लिहिलेला चालेल. आणि चूल विसरू नकोस.

तुझे,
सर