देवापुढे भीड

‘मुलगी अंथरुणात लोळत प्रार्थना करते. देवाला “अरे, ऐक ना” म्हणते. हा अवमान नाही का?’ ख्रिस्ती घरांतले आईवडील हा प्रश्न मला अधूनमधून विचारतात. बहुतेकांचा आवाज विचारताना चढलेला असतो. पन्नाशीच्या एका शिक्षिकेचा मात्र भरून आला, म्हणून ही गोष्ट लक्षात राहिली. (ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.)

ताई नगरकडच्या. वडिलांच्या काळापासून घरची शिस्त अशी, की संध्याकाळी चटईवर बसायचं, बायकांनी डोक्यावर पदर घ्यायचा आणि मगच प्रार्थना. मुलगी पुण्यात नोकरीला, तिथल्या गिटारवाल्या तरुण मंडळीत रमलेली. तिला तिथे कुणीतरी शिकवलं होतं, येशू देवाला ज्या अरामी शब्दाने हाक मारायचा, तो ‘अब्बा म्हणजे डॅडी’.

मुलीचा विषय मी बाजूला ठेवला. म्हटलं, “तुम्ही कशी प्रार्थना करता, म्हणून दाखवाल?”

त्यांनी पदर घेतला, डोळे मिटले. “हे सर्वसमर्थ, परमपवित्र, दयाघन परमेश्वरा, आपण आम्हांस आजचा दिवस दाखविला...” पाच मिनिटं, कुठे अडखळणं नाही. शब्द न् शब्द वडिलांचा, हे त्यांनीच नंतर सांगितलं. त्याच आठवड्यात नवऱ्याच्या बायपासची तारीख ठरली होती. प्रार्थनेत त्या ऑपरेशनचं नावही नाही.

“का हो?”

“देवापुढे आपलं रडगाणं कशाला? वडिलांपुढेही कधी गायलं नाही.”

गाठ इथे होती. ज्याला त्या आदर म्हणत होत्या, ती भीड होती. बायबलात भिणारी माणसं पुष्कळ आहेत, पण सगळी सारखी भीत नाहीत. आदाम भ्याला आणि झाडांत लपला. मोशेही जळत्या झुडपापाशी भ्याला, त्याने जोडे काढले, तोंड झाकलं, पण जागचा हलला नाही. देव त्याला आपल्या लोकांना गुलामीतून सोडवायला इजिप्तला पाठवत होता, तर तो तिथेच हुज्जत घालायला लागला! मी कोण जाणारा? ते माझं ऐकणार नाहीत. मला नीट बोलता येत नाही. आणि शेवटी, दुसऱ्या कुणाला तरी पाठव. देव रागावला, हेही खरं, पण त्याने मोशेला सोडलं नाही. पुढे बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या 33व्या अध्यायात तर देव त्याच्याशी मित्राशी बोलावं तसा बोलत असे, असं लिहिलंय.

“बरं, येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणा.”

“हे आमच्या स्वर्गातील पित्या, तुझे नाव...” आणि त्या थांबल्या. लहानपणापासून रोज ‘तुझे’ म्हणत होत्या, तो ‘तू’ आज कानावर पडला. मराठीत आईला ‘तू’, विठोबालाही ‘तू’. तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलेल्या कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हटलं, ते याच भाषेत. “वडील टिळकांची भजनं गायचे,” ताई म्हणाल्या. “तेव्हा त्यांचा आवाज वेगळाच व्हायचा.”

मुलगी एकदा भेटून गेली. अंथरुणाचं मला काहीच वाटलं नाही. बायबलातल्या 63व्या स्तोत्रातल्या भक्तालाही देव अंथरुणातच आठवतो. पण ‘अब्बा’ची अर्धीच गोष्ट तिच्यापर्यंत पोचली होती. तो बाळबोबडा शब्द नव्हे, मोठी झालेली मुलंही बापाला अब्बाच म्हणत. येशूचं चरित्र सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांत त्याच्या तोंडी तो एकदाच येतो, मार्कच्या 14व्या अध्यायात. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत, जमिनीवर पडून, हा दुःखाचा प्याला दूर कर म्हणताना. आणि लगेच पुढे, माझ्या नव्हे, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. ती जरा गप्प बसली. म्हणाली, “हे शेवटचं मी कधीच म्हणत नाही.” तिला एवढंच पुरे होतं.

ताई ऑपरेशननंतर महिन्याभराने आल्या. यजमान आता बरे होते. ऑपरेशनच्या रात्री आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर बसून त्यांनी नेहमीची प्रार्थना सुरू केली, ती ‘आपण’पाशीच अडली. दोनदा पहिल्यापासून सुरुवात केली. मग तोंडातून निघालं, “देवा, मला भीती वाटते रे.” पुढे काही नाही, नुसतं रडू.

“आणि पदर?” मी विचारलं.

त्या हसल्या. “तो आधीच घेतला होता.”